दगडी पायवाटेवर धावताना पायांची दुखापत कशी टाळावी?

पोलीस भरतीची किंवा सैन्य भरतीची जाहिरात आली की आमच्या गावात फजरनंतर टेकडीच्या वाटेवर मुलांची रांग लागते. गावात धड मैदान नाही. डांबरी रस्त्यावर पहाटेपासून डंपर आणि उसाच्या ट्रॉल्या. मग धावायला उरते ती दगडगोट्यांची पायवाट. आता तिथे भरतीवाल्या मुलांसोबत शुगर कमी करायला निघालेले चाळिशी-पन्नाशीतले लोकही दिसतात. शिवाय मोबाईलवर डोंगरात धावणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून किल्ल्यांवर पळायला जाणारी कॉलेजची मुलेमुलीही आहेत. घराबाहेर पडून धावण्याची ही आवड चांगलीच आहे. पण दर हंगामात दोन-चार जण लंगडत परत येतात, हेही आम्ही पाहतो.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा असाच रोज टेकडी चढून-उतरून धावायचा. "टेकडीवर पाय पक्का झाला की मैदान सोपं जातं," असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. तीन आठवड्यांतच त्याने अंतर दुप्पट केलं. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे, दुखू लागलं. घरी सांगितलं नाही. अम्मीने लंगडताना पाहिलं तेव्हा म्हणाला, "काही नाही, ठेच लागली." त्या माऊलीने आम्हाला गाठून सांगितलं, "सर, तुम्हीच समजवा याला." आम्ही विचारलं तर उत्तर तयार होतं, "सर, भरती झाली की आराम करतोच ना." एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, म्हणून तो पुन्हा धावला. दोन-अडीच आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला तेव्हा हाडाला चीर गेलेली स्पष्ट दिसली. ती भरती हातची गेली.

या लेखात आम्ही जे सांगणार आहोत ते त्या मुलाला वेळेवर सांगायला हवं होतं. दगडी वाटेवर पाय जायबंदी होतो तो बहुतेक वेळा दगडामुळे नव्हे, तर घाईमुळे. पाऊल टाकण्याची घाई, अंतर वाढवण्याची घाई आणि दुखणं बरं होण्याआधी परत धावण्याची घाई. या तीन घाया टाळल्या तर बऱ्याच दुखापती टळतात.

आपली वाट कसल्या दगडाची?

महाराष्ट्रात सगळीकडे दगड सारखा नाही, म्हणून धोकाही सारखा नाही.

घाटमाथा आणि देशावर काळा बसाल्ट आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हापासून हा दगड बनला. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर असो की पुण्याजवळचा सिंहगड, पायाखाली हाच कातळ. कोरडा असताना यावर बुटाची पकड चांगली बसते. पण जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ चढते आणि तोच दगड साबणासारखा होतो. हजारो लोकांच्या पायांनी झिजलेल्या पायऱ्या तर पावसात सर्वांत धोक्याच्या.

कोकणात आणि सड्यांवर जांभा असतो. तांबडा, भोकाभोकांचा, खरबरीत. यावर घसरणे कमी, पण पडलात तर कातडी सोलून निघते. सड्यावर गवत वाढले की त्याखालचे खड्डे दिसत नाहीत आणि पाय मुरगळतो.

तिसरा प्रकार घसाऱ्याचा. पाऊस संपला, वाट वाळली, की उतारावर सुटी माती, मुरूम आणि बारीक खडी राहते. ऑक्टोबरपासून पुढे हीच वाट बेअरिंगच्या गोळ्यांवरून चालल्यासारखी होते. चढताना त्रास नाही, उतरताना पाय निसटतो.

म्हणून पहिला नियम असा, की नव्या वाटेवर पहिल्या दिवशी धावू नये. एकदा चालून यावे. कुठे सुटा दगड हलतो, कुठे ओल राहते, कुठे बाभळीचे काटे पडतात, हे डोळ्यांखालून गेले पाहिजे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणतात. इथे पुढचा आणि मागचा दोन्ही आपणच व्हायचं.

पावलाला नेमकं काय होतं?

एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात. त्यांना बांधणारे स्नायू, शिरा आणि अस्थिबंध मिळून शंभराच्या वर. सपाट रस्त्यावर प्रत्येक पाऊल जवळपास सारखेच पडते. दगडी वाटेवर एक पाऊल आत कलते, दुसरे बाहेर, तिसऱ्याच्या फक्त चवड्याखाली दगड येतो. त्यामुळे पुढील दुखापती नेहमी दिसतात.

पाय मुरगळणे: सर्वांत जास्त आढळणारी दुखापत. पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो. एकदा मुरगळलेला पाय नीट बरा केला नाही तर पुन्हा पुन्हा मुरगळतो.

ठेच आणि काळे नख: बोट दगडावर आपटते किंवा उतरताना बुटाच्या टोकाला घासत राहते. नखाखाली रक्त साकळते आणि नख काळे पडते.

तळव्याला मार: टोकदार दगड चवड्याखाली किंवा टाचेखाली रुतला की आतून मुका मार बसतो. पातळ तळाच्या बुटात हे जास्त होते.

टाचेचे दुखणे: सकाळी अंथरुणातून उठून पहिली काही पावले टाकताना टाचेखाली कळ येते, मग चालता चालता कमी होते. तळव्याच्या जाड पट्ट्यावर ताण आल्याची ही खूण.

हाडाला चीर: एकाच हाडावर रोज थोडा थोडा भार पडून हळूहळू पडणारी भेग. पडायला किंवा आपटायला लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याला हेच झालं होतं.

फोड, खरचटणे, काटा रुतणे: दिसायला किरकोळ, पण यामुळे माणूस पाय वाकडा टाकू लागतो आणि त्यातून मोठी दुखापत होते.

पाऊल कसं टाकावं?

आम्ही मुलांना सगळ्यात आधी नजर शिकवतो. नवखा धावणारा स्वतःच्या बुटाकडे बघत धावतो. दगड दिसेपर्यंत पाय त्यावर पडलेला असतो. नजर साधारण तीन-चार मीटर पुढे ठेवावी. वेग वाढला तर आणखी पुढे. पुढची दोन-तीन पावले कुठे पडणार हे डोळ्यांनी आधीच ठरते, मग पाय आपोआप तिथे जातात. आजूबाजूचं बघायचं असेल, मोबाईल बघायचा असेल तर आधी थांबावं.

दुसरी गोष्ट, पावले लहान आणि झटपट टाकावीत. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या पुढे जाऊन पडतो. त्यावर सगळा भार येतो आणि दगड हलला तर सावरायला वेळ मिळत नाही. लहान पावलात शरीर पायाच्या वर राहते. एक पाय निसटला तरी दुसरा लगेच जमिनीवर येतो. पाऊल थोडे जास्त उचलावे. थकल्यावर पाय फरफटू लागतात, आणि ठेच लागते ती बहुधा शेवटच्या टप्प्यातच.

चढावर धावण्याचा हट्ट नको. डोंगरातल्या शर्यती जिंकणारे खेळाडूही उभ्या चढावर हात मांडीवर ठेवून चालतात. चालण्यात कमीपणा नाही.

खरी परीक्षा उतारावर. घाबरून मागे झुकलं की टाच आधी टेकते आणि घसाऱ्यावर पाय सरळ पुढे निसटतो. गुडघे किंचित वाकवून, अंग थोडं पुढे ठेवून, हात बाजूला मोकळे सोडून लहान पावलांनी उतरावे. उतार जास्त असेल तर सरळ न जाता नागमोडी जावे. आमची एक साधी फूटपट्टी आहे. कोणी ‘थांब’ म्हटल्यावर दोन-तीन पावलांत थांबता येत नसेल, तर आपला वेग त्या वाटेसाठी जास्त आहे.

ओल्या कातळावर उडी मारून उतरू नये. पूर्ण तळवा टेकून, चालतच ओलांडावे. सुट्या दगडाच्या टोकावर पाय न देता दोन दगडांच्या मधल्या मातीत द्यावा. पहाटे अंधार असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी. नुसती हातातली बॅटरी असेल तर ती कमरेच्या उंचीवर धरावी. प्रकाश खालून पडला की दगडांच्या सावल्या दिसतात आणि खाच-खळगे कळतात.

बूट, मोजे आणि नखे

महागडा बूटच हवा असं नाही. पण चुकीचा बूट नको. बूट घेताना या गोष्टी बघाव्यात:

- बुटाच्या तळाला रबराचे खोल खाचे हवेत. रस्त्यावर धावायच्या गुळगुळीत तळाच्या बुटाची मुरमावर पकड बसत नाही. फुटबॉलचे कडक स्टडवाले बूट मातीत चालतात, पण कातळावर घसरतात.
- बूट हातात धरून वाकवावा. तो बोटांजवळ वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये.
- तळावर अंगठा दाबून पाहावा. बोट सहज आत जात असेल तर टोकदार दगडही तसाच टोचणार.
- पुढे, सर्वांत लांब बोटाच्या समोर, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. धावताना पाय फुगतो आणि उतारावर पुढे सरकतो. म्हणून बूट संध्याकाळी, मोजे घालून, दोन्ही पायांत घालून बघावा.
- टाच आत हलता कामा नये.

मोठ्या भावाचा जुना बूट धाकट्याला देण्याची रीत घराघरात आहे. तिथे सावध राहावे. झिजलेला तळ एका बाजूला कललेला असतो, त्यात पाय मुरगळायला आयतेच निमित्त मिळते. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून बघावा. वाकडा उभा राहत असेल तर तो धावायला वापरू नये. शर्यतीच्या किंवा भरतीच्या दिवशी कोरा बूटही घालू नये. आधी काही आठवडे तो पायात रुळला पाहिजे.

लेस बांधताना वरचे शेवटचे भोक रिकामे सोडू नये. दोन्ही बाजूंनी त्या भोकात लेसचा छोटा फास करून विरुद्ध बाजूची लेस त्यातून ओवली आणि मग गाठ मारली, की टाच जागेवर धरली जाते. उतारावर बोटे पुढे आपटत नाहीत. नुसती एवढी गोष्ट केली तरी काळ्या नखांचा त्रास कमी होतो.

जाड सुती मोजे घाम धरून ठेवतात. ओली कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो. घाम लवकर सुकवणारे कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. पाय ओले करणारा ओढा वाटेत असेल तर मोज्यांची दुसरी जोडी सोबत ठेवावी. बोटांच्या मध्ये आणि टाचेला थोडं व्हॅसलिन लावलं तर घर्षण कमी होतं.

इथे आपल्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. वजू करून मुलं ओल्या पायानेच मोजे चढवतात आणि धावायला पळतात. बोटांच्या बेचक्यात ओल राहते. त्याने फोडही येतात आणि चिखल्याही होतात. टॉवेलने बेचके कोरडे करायला अर्धा मिनिटही लागत नाही.

नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कापू नयेत. नाही तर नख मांसात वाढते. आणि धावण्याच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधीच कापावीत.

अनवाणी धावावं का?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली, हे खरं आहे. पण 1964 मध्ये टोकियोत त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकले ते बूट घालून, हे कोणी सांगत नाही.

मेक्सिकोच्या डोंगराळ भागात रारामुरी नावाचे आदिवासी राहतात. टायरच्या रबराच्या चपला पायाला बांधून ते दऱ्याखोऱ्यांत मैलोन्‌मैल धावतात. 1993 मध्ये अमेरिकेतली लेडव्हिलची 100 मैलांची डोंगरी शर्यत त्यांच्यातल्या व्हिक्टोरियानो चुर्रो यांनी जिंकली, तेव्हा त्यांचे वय 55 होते. 2017 मध्ये मारिया लोरेना रामिरेझ या रारामुरी तरुणीने मेक्सिकोत 50 किलोमीटरच्या शर्यतीत महिला गटात पहिला क्रमांक पटकावला. अंगात तिचा नेहमीचा पारंपरिक घागरा आणि पायात साध्या चपला होत्या. आमच्या मुलींना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो. अंगभर कपडे घालून धावता येत नाही, असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण द्यावं. मात्र सलवार किंवा पायजमा घोट्याशी निमुळता असावा आणि ओढणी नीट खोचलेली असावी. सैल कापड बुटात किंवा झुडपात अडकले की पडायला होते.

पण रारामुरींचे पाय लहानपणापासून त्या वाटांवर घडलेले असतात. वर्षानुवर्षे बुटात राहिलेला पाय एका महिन्यात तसा होत नाही. व्हिडिओ पाहून बूट काढून टेकडीवर पळू नये. पाय मजबूत करायचा असेल तर घरी, अंगणात, गवतावर रोज थोडा वेळ अनवाणी चालावे. एवढं पुरे.

तयारी: हळूहळू वाढवा

फुफ्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडे आणि अस्थिबंध यांना महिने लागतात. फसगत होते ती इथेच. दम लागत नाही म्हणून मुलगा अंतर वाढवतो, पण आतलं हाड अजून तयार झालेलं नसतं.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. हे अंतर मैदानावर पार करायचे असते, डोंगरावर नाही. म्हणून सराव बहुतांशी मातीच्या सपाट जागेवर असावा. दगडी वाट आठवड्यातून एक-दोनदाच, लागोपाठच्या दिवशी नको. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले दोन-तीन आठवडे त्या वाटेवर नुसते झपाझप चालावे. मग सपाट तुकड्यावर धावावे, चढ-उतार चालत जावे. अंतर आठवड्याला थोडे थोडेच वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते कमी करावे. अंतर आणि चढ एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नयेत.

घोट्यासाठी घरी करायचे काही व्यायाम आहेत, त्यांना पैसा लागत नाही:

- एका पायावर 30 सेकंद उभे राहणे. जमलं की डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर उभे राहून. दात घासता घासताही होतं.
- पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू वर, हळूहळू खाली. 12 ते 15 वेळा.
- जमिनीवर टॉवेल पसरून पायाच्या बोटांनी तो जवळ ओढणे.
- एका पायावर उभे राहून हळूच अर्धवट बसणे आणि उठणे. गुडघा आत जाऊ देऊ नये.

एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव केला तर आधी मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. ज्यांचा पाय पूर्वी मुरगळला आहे त्यांनी घोट्याचा पट्टाही बांधावा.

रमजानमध्ये दगडी वाटेचा सराव थांबवलेला बरा. दिवसभर पाणी नसताना इफ्तारच्या आधी शरीर थकलेलं असतं, पाय नीट उचलला जात नाही. रात्री उजेडातल्या सपाट रस्त्यावर हलके धावणे किंवा चालणे पुरेसे आहे. एका महिन्यात कमावलेला दम सगळा जात नाही.

पाय मुरगळला तर?

आधी थांबावं. ‘चालता चालता मोकळा होईल’ म्हणून पुढे धावू नये. परत येताना शक्यतो कोणाचा तरी आधार घ्यावा. म्हणून डोंगरात एकट्याने कधीच जाऊ नये आणि कोणत्या वाटेने जातोय हे घरी सांगून निघावे.

1978 मध्ये गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर ठेवणे असे चार गोष्टींचे सूत्र रूढ केले. पुढे त्यांनीच असे मत मांडले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांचा अतिरेक केला तर भरून यायला उशीर होऊ शकतो. आज साधारण असे सांगितले जाते: पहिले दोन दिवस पायावर भार कमी ठेवा, रुंद पट्टी बांधा, झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. वेदना जास्त असतील तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटे लावा, थेट कातडीवर नको. त्यानंतर दुखेल न दुखेल इतपत हलकी हालचाल आणि चालणे सुरू करा.

पहिल्या दोन दिवसांत गरम शेक आणि मालिश नको. त्याने सूज वाढते. आपल्याकडे आंबेहळदीचा लेप लावतात, त्याला आमची हरकत नाही. पण जखम उघडी असेल तर तिच्यावर लेप नको. आणि मुरगळलेला पाय कोणाकडूनही ओढून ‘बसवून’ घेऊ नये. आत हाड मोडलेले असेल तर त्या ओढाताणीने मोठे नुकसान होते.

एक्स-रे कधी काढावा? कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी सोपे नियम मांडले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या किंवा पावलाच्या मध्यभागाच्या दुखण्यासोबत पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर एक्स-रे काढावा:

- मार लागल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावले टाकता येत नाहीत. लंगडत टाकली तरी चालतील, पण चार टाकता आली पाहिजेत.
- घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखते.
- पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जे हाड उंच लागते, तिथे दाबल्यावर दुखते.
- पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर दुखते.

पाय वाकडा दिसत असेल, बोटे बधिर किंवा थंड पडली असतील, तर हे तपासत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

पुन्हा धावायला कधी सुरुवात करावी? सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नाही. दुखऱ्या पायावर 30 सेकंद तोल राहतो का, त्याच पायावर दहा उड्या न दुखता मारता येतात का, हे बघावे. दोन्ही जमले तर सपाट जमिनीवर सुरुवात करावी. दगडी वाट सगळ्यात शेवटी.

काटा, जखम आणि फोड

खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी. त्यात माती राहता कामा नये. हळद, राख, चुना भरू नये. काटा पूर्ण निघाला नाही तर सुईने कोरत बसू नये. धनुर्वाताच्या लसीची नोंद घरात ठेवावी. सरकारी लसीकरणात 10 आणि 16 व्या वर्षी टीडीची लस दिली जाते. मातीने भरलेली खोल जखम असेल आणि शेवटची लस घेऊन 5 वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा घ्यावी.

लहान फोड फोडू नये, त्यावर चिकटपट्टी लावावी. मोठा असून चालता येत नसेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे, वरची कातडी तशीच राहू द्यावी.

हाडातलं दुखणं लपवू नका

आता आमच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. 1855 मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय पाहून त्याची नोंद केली. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. पुढे कळलं की हाडाला सूक्ष्म चीर जाते. आजही नव्या भरतीच्या जवानांत आणि धावणाऱ्यांत हे दिसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटामागचे लांब हाड बहुतेक वेळा बळी पडते.

ओळखायचं कसं? दुखणे एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी असते. आधी धावताना, मग चालताना, मग बसूनही दुखते. वरून थोडी सूज असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये हे दिसतेच असे नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे थांबेपर्यंत धावू नये. लवकर थांबले तर सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक भरून येते. दुखण्यावर गोळ्या खाऊन धावले तर पूर्ण हाड मोडू शकते. कमानीच्या वरच्या हाडाला चीर गेली तर ती भरायला फार वेळ घेते, कधी शस्त्रक्रियाही लागते.

मुलींच्या बाबतीत आयांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धावणे खूप आणि खाणे कमी असे झाले की पाळी अनियमित होते किंवा थांबते. ही नुसती ‘अशक्तपणाची’ गोष्ट नाही. त्यात हाडे कमकुवत होतात आणि चीर जाण्याचा धोका वाढतो. मुलगी धावत असेल तर तिच्या ताटात डाळ, अंडी, दूध, नाचणी मुलाइतकीच पडली पाहिजे. आणि पाळी थांबली तर तिला घरात हे सांगता आलं पाहिजे.

मधुमेह असलेल्यांसाठी

शुगर बरीच वर्षे असेल तर पायाची संवेदना कमी होते. बुटात खडा गेला तरी कळत नाही, फोड फुटला तरी दुखत नाही, आणि जखम चिघळते. अशांनी दगडी वाटेवर धावण्याआधी डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घ्यावी. बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहतात, काही मिनिटांचे काम आहे. संवेदना कमी असेल तर सपाट रस्त्यावर चालणेच योग्य. बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहावा आणि घरी आल्यावर तळवा आरशात बघावा, किंवा घरातल्या कोणाला बघायला सांगावा. फोड घरी फोडू नये.

निघण्यापूर्वी

- लेस नीट बांधली का? मोजे कोरडे आहेत का?
- कालचं दुखणं आज आहे का? असेल तर आज चालायचं.
- सोबत कोणी आहे का? घरी वाट सांगितली का?
- पाणी, रुंद पट्टी, चिकटपट्टी, चार्ज केलेला मोबाईल घेतला का?
- रात्री पाऊस झाला का? झाला असेल तर कातळाची वाट सोडून मातीची घ्यायची.

तो मुलगा दोन महिने धावला नाही. नंतर त्याने सपाट शेतरस्त्यावर चालण्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि पुढच्या भरतीत उतरला. आता तो टेकडीवर नव्या मुलांना घेऊन जातो. पहिल्या दिवशी सगळ्यांना फक्त चालायला लावतो. कोणी कुरकुर केली तर म्हणतो, "दुखलं तर मला सांगा, लपवू नका. मी लपवलं होतं." पालकांनीही घरात एवढंच करावं. मुलगा लंगडताना दिसला तर आधी रागावू नये, बूट काढून पाय बघावा.